प्रकरण चौदावे : चौथा नियम आणि शर्टाच्या शेपट्या

"माणूस आणि जनावर यांच्यात फरक असेल तर तो एवढाच," अलोइस सिकोरा उभा राहून म्हणाला, "की माणसाला स्वतःच्या हातानं दोरी ओढता येते. ज्या दिवशी त्यानं ते काम यंत्राकडं दिलं, त्या दिवशी तो शिकारी राहिला नाही. गिऱ्हाईक झाला!"

टेबलाभोवती बसलेल्या तीन माणसांनी ते ऐकून घेतलं. वाक्यच तसं होतं. चर्चमध्ये म्हटलं असतं तर कुणीतरी आमेन म्हटलं असतं.

अलोइस खाली बसला, घोटभर बिअर प्याला आणि काकडीच्या लोणच्याची बरणी त्यानं मुलीकडं सरकवली.

"लोरेन, एवढं झाकण उघड."

लोरेननं ते उघडलं. टक्कन आवाज आला.

"घट्ट बसलं होतं," अलोइस म्हणाला.

"हो ना," लोरेन म्हणाली. अर्ध्या तासापूर्वी त्याच बरणीतली काकडी खाऊन तिनं ते झाकण नुसतं टेकवून ठेवलं होतं.

कामगार दिनाचा सोमवार होता; आमच्याकडं तो सप्टेंबरात येतो. सिकोरांच्या कॅम्पची वार्षिक सभा एकोणीसशे बहात्तरपासून याच सोमवारी, याच टेबलापाशी भरते. कॅम्प म्हणजे पाइनच्या जंगलातली दोन खोल्यांची लाकडी झोपडी, एक लोखंडी चूल, आणि बाहेर थोड्या अंतरावर ते दुसरं घर, म्हणजे संडास, ज्याच्या दाराला चंद्रकोर कोरलेली आहे. सभेत दरवर्षी छप्पर गळतं यावर एकमत होतं आणि ते कुणी दुरुस्त करायचं यावर होत नाही. मग कोबीचे गोळे खाऊन मंडळी पांगतात. बारा दिवसांनी हरणांच्या शिकारीचा बाणाचा मोसम सुरू होतो.

या वर्षी मात्र डेनिसनं, म्हणजे अलोइसच्या मुलानं, रीतसर कागद आणला होता. त्यावर लिहिलं होतं : नियम चौथा बदलावा.

चौथा नियम अलोइसच्याच अक्षरात वहीत होता, सप्टेंबर एकोणीसशे शहाऐंशी अशी तारीख टाकून : *या कॅम्पात धनुष्य हातानं ओढायचं आणि ओढलेलं हातानंच धरायचं. क्रॉसबो चालणार नाही. ज्याला ओढता येत नाही त्यानं स्वयंपाक करावा.*

"बाबा, राज्यानं कधीच परवानगी दिली," डेनिस म्हणाला. एक्कावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, विम्याच्या कचेरीत बसून मान आखडलेला हा गृहस्थ बापासमोर उभा राहिला की अजूनही हात खिशात घालावे की काढावे या विचारात पडतो. "बाणाच्या मोसमात क्रॉसबो चालतो. सगळ्यांना. सगळा जिल्हा वापरतो. आपणच तेवढे..."

"राज्य बरंच काही चालवून घेतं. राज्यानं तुला गाडी चालवायचा परवाना दिलाय."

"ते हरीण स्वतः आडवं आलं होतं!"

"तुला आयुष्यात मिळालेलं तेवढंच एक."

ब्रिजिट फस्सकन हसली. ती डेनिसची मुलगी, सव्वीस वर्षांची. त्या कुटुंबात सगळ्यात सरळ बाण तिचा जातो. तिच्या हातात पहिलं धनुष्य आजोबांनीच दिलं, ती सहा वर्षांची असताना. ती त्यांना जाजा म्हणते, आमच्या पोलिश घरांत म्हणतात तसं, आणि अरेतुरे करते. ती सूट दुसऱ्या कुणाला नाही.

"पप्पा, मला एक सांगा," ती म्हणाली. "धनुष्य ओढून धरलं की दहा-बारा सेकंदांत हात थरथरायला लागतो. तेवढ्यात हरीण मान वळवतं, पळतं. ती त्याची संधी. तुमचा क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा घोडा असलेलं धनुष्य, एकदा ताणून ठेवलं की दिवसभर ताणलेलंच. दुर्बीण लावा, बोट दाबा. त्यात हरणाला काय मिळतं?"

"संधी?" डेनिसनं भिंतीकडं हात केला. "अगं, अकरा वर्षं मी हरणांना संधीच देतोय. ती भिंत बघ!"

भिंतीकडं बघायला सांगायची गरज नव्हती. त्या खोलीत बसलं की भिंतच तुमच्याकडं बघते. ज्याचा बाण चुकला त्याच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीनं कापायची, त्यावर नाव नि साल लिहायचं आणि खिळ्यानं ठोकायची, ही आमच्याकडची जुनी रीत. चौकडीचे, फ्लॅनेलचे, लोकरीचे, धुरानं काळवंडलेले पन्नासेक तुकडे तिथं लटकतात. त्यांतले एकट्या डेनिसचे अकरा. जोडले असते तर त्याची एक गोधडी झाली असती आणि तो कदाचित जास्त सुखी झाला असता.

"आता मत घ्या," डेनिस म्हणाला. "मी बाजूनं."

"मी विरोधात," अलोइस.

"मीपण," ब्रिजिट. तिनं आजोबांच्या खांद्यावर थाप मारली. अलोइसनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण टेबलाखाली त्याच्या डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपर घट्ट धरला. ते फक्त लोरेनला दिसलं.

"मी बाजूनं," लोरेन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं वळून पाहिलं. लोरेन तीस वर्षं सभेचं टिपण लिहीत होती. तिनं मत असल्याचं कधी दाखवलं नव्हतं.

"तू?" अलोइस म्हणाला. "तू तर शिकारच करत नाहीस."

"म्हणूनच. माझा बाण अजून एकदाही चुकलेला नाही."

"म्हणजे दोन-दोन." डेनिस खूश झाला, मग विचारात पडला. "बरोबरी झाली तर काय करायचं?"

लोरेननं वही उलटली. पहिल्याच पानावर सभासदांची नावं होती. तिनं ती मोठ्यानं वाचली नाही. वहीच फिरवून बापासमोर धरली.

"सभासद पाच आहेत, बाबा. रोमनकाकांचं नाव कुणी खोडलेलं नाही. खोडायला त्यांची सही लागते, आणि ती आणायला तुम्ही कुणाला पाठवलं नाहीत. मी त्यांना पत्र टाकलंय. आज दुपारी तीनला या म्हणून."

अलोइसनं दारावरच्या घड्याळाकडं पाहिलं. पावणेतीन वाजले होते. तो उठला, बिअरचा डबा घेतला आणि काही न बोलता ओट्यावर जाऊन बसला. मोठं वाक्य त्याच्याकडं एका वेळी एकच असे.

*

लोरेनला खरं तर धनुष्य कशाला म्हणतात आणि क्रॉसबो कशाला, याच्याशी कर्तव्य नव्हतं. वसंतात बापाचं शिकारीचं जाकीट धुवायला काढलं, तेव्हा आतल्या खिशात एक छोटी वही सापडली. खिशातलं वाचू नये हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याच्या खिशातलं वाचल्यामुळंच तर ती आता एकटी राहत होती. तरी तिनं वाचलं.

*१४ ऑक्टोबर. वारा पश्चिमेचा. आठ टोकांच्या शिंगांचा नर, अठरा पावलांवर. गेला. धूर ७.२०.*

*१९ ऑक्टोबर. मादी आणि दोन पाडसं, मचाणाच्या अगदी खाली. गेली. धूर ७.०५.*

*२ नोव्हेंबर. दहा टोकांचा. बारा पावलं. उभा राहिला. माझ्याकडं बघितलं. गेला. धूर ७.३०.*

तीन मोसमांची पानं होती. आणि त्या तिन्ही मोसमांत बाप संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात येऊन टोपी काढत म्हणाला होता, "काही दिसलं नाही. हरणं कमी झालीत. लांडगे."

बारा पावलांवर उभा राहिलेला दहा टोकांचा नर अलोइस सिकोरा सोडणार नाही. त्यासाठी तो स्वतःच्या लग्नाला उशिरा गेला होता. म्हणजे त्याला धनुष्य ओढताच येत नव्हतं. आणि तरीही तो एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा पहाटे शिडीवरून वीस फूट चढून मचाणावर बसत होता.

धुराचं मात्र तिला बरेच दिवस कळलं नव्हतं. वाटलं, वाऱ्याची दिशा बघत असतील. मग एक पान आलं.

*९ नोव्हेंबर. धूर नाही. आठ वाजले. धूर नाही. नऊ.*

त्याखाली दोनदा अधोरेखित : *१०.०५ धूर.*

अलोइसच्या मचाणावरून कुंपणापलीकडं एकच चिमणी दिसते. ती रोमनची. थोरल्या भावाशी सदतीस वर्षं न बोललेला धाकटा भाऊ तिथं एकटा राहतो.

"आत्या, तू पप्पांच्या बाजूनं का गं?" ब्रिजिट मागून चुलीपाशी आली. "पप्पा आळशी आहेत. त्यांना फक्त दोन रविवारांत हरीण हवंय."

"तुझ्या पप्पांना हरीण नकोय. त्याला तुझ्या जाजानं एकदा 'शाब्बास' म्हणायला हवंय. हरीण मारलं तर म्हणेल असं त्याला वाटतं." लोरेननं कोबीच्या गोळ्यांचं भांडं हलवलं. "तू तुझं मत बदल."

"जाजाच्या विरोधात? मुळीच नाही. या घरात त्याच्या बाजूनं कुणीतरी हवं."

"त्याच्या बाजूनंच दे म्हणते."

"म्हणजे?"

बापाचं गुपित फोडणं म्हणजे त्याची पँट भर बाजारात उतरवण्यासारखं होतं.

"म्हणजे भिंतीकडं बघ," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांच्या शेपट्या सोड. बाकीच्या बघ."

*

ब्रिजिटनं बघितल्या.

ती ही भिंत लहानपणापासून वाचत आली होती. इतर मुलं बाराखडी शिकतात तशी ती *अलोइस १९८१, अलोइस १९९०* यांवर वाचायला शिकली. आता तिनं फक्त जाजाचे तुकडे शोधले. १९७४. १९८१. १९९०. मग मधल्या वर्षांची शिंगं दाराच्या चौकटीवर, प्रत्येकाखाली साल. चांगला शिकारी असाच असतो. ज्या वर्षी शेपटी नाही त्या वर्षी शिंगं, शिंगं नाहीत त्या वर्षी शेपटी. २०१७ शिंगं. २०१८ शेपटी, निळ्या चौकडीची, तिनंच हसत हसत कापलेली.

पुढं काही नव्हतं.

तिनं दोनदा मोजलं. चार मोसम. एकात जाजा आजीच्या आजारपणामुळं आलाच नव्हता. उरलेल्या तीन मोसमांत तो रोज आला होता, आणि भिंतीवर ना शिंग, ना चिंधी. मारलेला बाण एक तर लागतो नाहीतर चुकतो. तिसरं काही करायचं तर बाणच मारायचा नाही.

तिला आठवलं, गेल्या वर्षी सरावाच्या गवताच्या भाऱ्यापाशी जाजा म्हणाला होता, "आज तू मार, मी बघतो." त्याच्या आधीच्या वर्षीही. तिला वाटलं होतं, तिचं कौतुक चाललंय. आणि मघाशी तिनं थाप मारली तीही नेमकी दोरी ओढायच्या हाताच्या खांद्यावर.

ती ओट्यावर गेली. खुंटीवरचं लाकडी धनुष्य तिनं जाताना काढून घेतलं. अलोइस पायरीवर बसून फाटकाकडं बघत होता. डेनिस पलीकडं लाकडं रचायचं नाटक करत होता.

"जाजा," ती म्हणाली. तिला हळू बोलायचं होतं, पण तिचा आवाज मोठा आहे. "एकदा ओढून दाखव ना. माझा कोपर कुठं चुकतो ते बघायचंय."

अलोइसनं धनुष्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तिला सगळं कळलंय हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण डेनिस तिथंच होता, आणि डेनिसला गप्प बसायची कला कधीच आली नाही.

"हो बाबा, दाखवाच," डेनिस म्हणाला. "गिऱ्हाइकाला जरा माल दाखवा!"

अलोइस उठला.

हे धनुष्य त्यानं स्वतः तासलं होतं. ओढायला पन्नास पौंडांचा जोर लागणारं. तीस वर्षं ते त्याच्या हातात असं वाके की जणू त्यालाच वाकायची घाई. त्यानं पाय रोवले, डावा हात ताठ केला, तीन बोटं दोरीला लावली. वारा नव्हता. कारण सांगायला वारासुद्धा नव्हता. त्यानं ओढलं.

दोरी चार बोटं मागं आली. खांद्यात कुणीतरी तापलेली सळई फिरवली. त्यानं दात आवळले. दोरी आणखी एक बोट आली आणि थांबली. धनुष्याचं लाकूड त्याच्याकडं अनोळखी कुत्र्यासारखं बघत राहिलं. मग हात थरथरायला लागला. दहा सेकंदसुद्धा झाले नव्हते.

त्यानं दोरी हळूहळू सोडली. बाण न लावता एकदम सोडली तर धनुष्य फुटतं, हे तो त्या अवस्थेतही विसरला नाही.

डेनिसच्या हातात एक ओंडका होता. त्यानं तो रचला, काढला, पुन्हा रचला. मग म्हणाला, "गाडीच्या चाकातली हवा बघून येतो," आणि जागचा हलला नाही.

"मला वाटलं, उशीर झाला," फाटकाकडून आवाज आला.

*

रोमन सिकोरा तीनला पाच कमी असताना आला नव्हता. तो अडीच वाजता आला होता. वळणावर ट्रक लावून आत बसला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, कागदाच्या गिरणीच्या रुळांनी डाव्या हाताची तीन बोटं घेतलेली, बायको नाही, मूल नाही, गेली दोन वर्षं कुत्राही नाही. ट्रकमध्ये त्यानं एक वाक्य पाठ केलं होतं. मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं. आवाज वापरात नसला की गंजतो. तिसऱ्या खेपेला कुठं तो साफ आला.

फाटकातून आत येताना त्यानं जे पाहिलं, ते पाहायची त्यानं सदतीस वर्षं वाट पाहिली होती. ज्या भावानं त्याला सांगितलं, 'हातात जोर नाही त्यानं चूल सांभाळावी', त्याच्या हातातून दोरी निसटत होती. अशा वेळी माणसाला बरं वाटायला हवं. रोमननं मनात शोधून पाहिलं. बरं वाटत नव्हतं. आणखी एक गोष्ट गेल्यासारखं वाटत होतं.

"ये," अलोइस म्हणाला.

"आलो."

एवढं बोलून दोघांचा सदतीस वर्षांचा साठा संपला.

आत सगळे टेबलाशी बसले. रोमन दारापाशीच्या बाकावर टेकला. सप्टेंबरातल्या उकाड्यात त्यानं जाकीट घातलं होतं आणि ते काढलं नाही. लोरेननं कॉफी दिली. त्यानं कप दोन्ही हातांत धरला, जसं त्या हातांना धरता येत होतं तसं.

"पुन्हा मत घेऊ," लोरेन म्हणाली. "रीतसर. बाणानं."

रीत अशी, की प्रत्येकानं आपला बाण टेबलावर ठेवायचा. टोक चुलीकडं म्हणजे होकार, टोक दाराकडं म्हणजे नकार. डेनिसनं आपला बाण चुलीकडं ठेवला. गंमत म्हणजे आता त्याला तो तसा ठेवायची लाज वाटत होती. जिंकायचं होतं ते बापाला हरवून, बापाला असं बघून नव्हे.

लोरेनकडं बाण नव्हता. तिनं विणायची सुई ठेवली, चुलीकडं.

ब्रिजिटनं आपला बाण उचलला, पिसं कुरवाळली. "जाजा, मी माझं मत बदलतेय."

"का?"

"अशीच."

"अशीच कुणी मत बदलत नाही. दया आली म्हणून बदलत असशील तर ठेव तो बाण आणि जा घरी."

"दया नाही रे!" तिचे डोळे भरले, आवाज अजून मोठा झाला. "तू मचाणावर नसलास तर मी कुणाशी बोलू? पप्पांशी? ते झाडावर बसून वेफर्स खातात!"

"एकदाच खाल्ले होते," डेनिस पुटपुटला.

तिचा बाण चुलीकडं गेला. तीन झाले. पाचांत तीन म्हणजे निकाल लागला. ज्या मतासाठी रोमनला पत्र लिहून बोलावलं होतं, त्या मताची आता गरजच उरली नव्हती. सगळ्यांच्या एकदम ते ध्यानात आलं आणि सगळ्यांनी एकदम कॉफी प्यायली.

अलोइसनं आपला बाण ठेवला. दाराकडं.

"बाबा," लोरेन हळूच म्हणाली, "आता तरी..."

"माझा खांदा बदललाय. मत बदललेलं नाही." त्यानं रोमनकडं पाहिलं नाही; बाणाकडंच बघत बोलत राहिला. "आज मी हो म्हटलं तर मग तेव्हा नाही का म्हटलं? तेव्हा एका माणसाकडं डॉक्टरचा कागद होता, क्रॉसबोसाठी राज्याचा परवाना होता. सगळं होतं. मी नाही म्हटलं. माझ्यावर वेळ आली म्हणून हो म्हणायचं? मग मी कोण झालो?"

याचं उत्तर होतं, पण ते बापाला सांगण्यासारखं नव्हतं.

"काका," लोरेन म्हणाली, "तुमचं मत राहिलंय. निकाल झालाय, पण वहीत लिहायला लागतं."

रोमन उठला. "माझ्याकडं बाण नाही," तो म्हणाला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, चुलीपाशी गेला, भांड्यातला लाकडी डाव उचलला, पातेल्याच्या काठावर निथळवला आणि टेबलावर आणून ठेवला. डावाची दांडी दाराकडं होती.

"काका, दांडी दाराकडं म्हणजे नकार," ब्रिजिट म्हणाली.

"ठाऊक आहे. ही रीत मीच काढली."

"पण तुम्ही तर क्रॉसबोच्या बाजूनं होता ना? त्याच्यावरनंच तर सगळं..."

"वहीत काय लिहिलंय?" रोमननं विचारलं. "ज्याला ओढता येत नाही त्यानं स्वयंपाक करावा. मी केला. सदतीस वर्षं. एकट्याचा." डावाखाली टेबलावर टोमॅटोच्या रश्शाचा लाल डाग पडला होता, त्यानं तो बाहीनं पुसला. "ते हत्यार मी कधीच विकून टाकलं. नियम पाळला. आता तुम्ही म्हणता, नियम चुकीचा होता, रद्द. मग मी इतकी वर्षं काय उगाचच एकटा जेवलो?"

बाहेर पाइनच्या झाडावर एक खार कुणाला तरी शिव्या देत होती.

लोरेननं टिपण लिहिलं : *बाजूने तीन, विरोधात दोन. चौथा नियम रद्द.* मग विरोधात मत देणाऱ्यांची नावं लिहिली. *अलोइस, रोमन.* पहिल्या पानानंतर ती दोन नावं वहीत शेजारी शेजारी आलेली नव्हती. तिनं शाई वाळेपर्यंत पान मिटलं नाही.

"जिंकलो आपण," डेनिस म्हणाला. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यालाही कुणी बघावं असं वाटत नव्हतं.

"जेवून जा, काका," लोरेन म्हणाली. "कोबीचे गोळे आहेत. आजीच्या पद्धतीचे."

"मीठ कमी आहे," रोमन म्हणाला. "मघाशी डाव निथळवताना वास आला." पण तो बसला नाही. जाकिटाची चेन त्यानं वर ओढली, खाली ओढली. ट्रकमधलं वाक्य आता घशापर्यंत आलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं.

अलोइसलाही दिसलं. त्यानं खुर्चीचे हात धरले. आता आलं, त्याला वाटलं. आता हा म्हणेल, माफी माग. सगळ्यांसमोर. आणि अलोइसला आश्चर्य वाटलं, कारण माफी तयार होती. किती तरी वर्षं तयार होती. मचाणावर बसून, धुराकडं बघत, त्यानं ती इतक्यांदा म्हटली होती की फक्त कुणीतरी मागायचाच अवकाश होता.

"एक मागायचं होतं," रोमन म्हणाला.

"माग," अलोइस म्हणाला. "काय हवं ते माग."

रोमननं भिंतीकडं बोट केलं. डेनिसच्या अकरा शेपट्यांच्या वर, कोपऱ्यात, खिळ्याला गंज चढलेला लाल-हिरव्या फ्लॅनेलचा एक तुकडा होता. *रोमन, १९८५.* अक्षर अलोइसचंच.

"तो माझा तुकडा मिळेल का?" तो म्हणाला. "तो शर्ट अजून चांगलाय. फक्त वाकलं की पाठीला वारा लागतो."